आवा कोणी पेटवला

कुंभारवाडा,
माघ वद्य पंचमी, सन १९३७

प्रिय नारायण,

अर्ध्या कोसावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला टपालानं पत्र धाडणारी बहीण अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात मीच पहिली असेन. काय करू? परवा तुझ्या बंगल्यावर आले होते. तुझ्या कारकुनानं ओट्यावरच थांबवलं. म्हणे उपाध्यक्षसाहेब कामात आहेत, म्युनिसिपालिटीच्या बाबतीत जे काय असेल ते लेखी द्यावं. मी म्हटलं, अरे बाप्पा, मी त्याची अक्का आहे, याच पदरानं त्याचा शेंबूड पुसलाय. तर तो माणूस अगदी हात जोडून म्हणाला, होय बाई, पण लेखीच द्या. आतून तुझ्या खोकल्याचा आवाज येत होता. तुझा खोकला मी झोपेतसुद्धा ओळखेन. तेव्हा आता घे लेखी. लिहिताना तुझ्या पुस्तकातलं मराठी लिहायचा प्रयत्न करते, पण राग आला की आपली बोली येईल. ती सोसून घे. मी दोन वर्षं तुझा कायदा सोसतेच आहे.

लिहिता येतं ही तुझीच देणगी, हे मी विसरलेली नाही. तू शाळेतून आलास की माझ्यासमोर फतकल मारून बसायचास. मी मडकी थापत असायची. तू काडीनं ओल्या मडक्यावर अक्षर काढायचास आणि म्हणायचास, अक्का, हे वाच. मी वाचलं की त्याच्याखाली मला काढायला लावायचास. मग मी थापीनं ते पुसून मडकं गोल करायची, कारण बाबा ओरडायचे की गिऱ्हाईक काय तुझा क कमळाचा विकत घेणार आहे? अशी अख्खी बाराखडी शिकले मी. वाड्यातल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, "सुभद्रे, कुंभाराच्या पोरीले लिहनं येऊन काय दिवा लावाचा हाय?" आज त्यांना सांगायला पाहिजे की कशाला येऊन ते. भावाच्या सहीची नोटीस वाचायला.

ती नोटीस मंगळवारी आली. शिपायानं तुझ्या भाऊजींच्या हातात दिली, त्यांनी माझ्या हातात. मी वाचून दाखवली. 'कुंभार उकंडराव वल्द सखाराम यांनी मनाई असताना म्युनिसिपल हद्दीत उघड्यावर विस्तव केला. सबब मडकी भाजण्याचा आवा कोणी पेटवला, का पेटवला, व सदर आव्याची जागा मोडून साफ का करू नये, याचा खुलासा सदर इसमानं येत्या सोमवारी सकाळी पोटकमिटीपुढे जातीनं हजर राहून करावा.' आणि खाली तुझी सही, वळणदार, त्यातलं 'न' अक्षर वरती ओढलेलं. सही वाचायची वेळ आली तेव्हा तुझे भाऊजीच म्हणाले, "राहू दे, मले माहीत हाय कोनाची हाय ते." आणि चाकावर जाऊन बसले. चाक मात्र फिरवलं नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं बाबा म्हणायचे. तेव्हा कळायचं नाही. आता कळून राह्यलं.

तू तो कायदा वाचलायस तरी का रे नीट? मसुदा तूच लिहिलास म्हणे, मग वाचलाही असशील. कार्तिकापासून चैत्रापर्यंत गावात उघड्यावर विस्तव करायचा नाही, कारण गावात कापूस येतो. ठीक आहे, येतो. गाड्यांच्या रांगा लागतात, एक ठिणगी पडली तर होत्याचं नव्हतं होईल, हे आम्हालाही कळतं. आम्ही काही आगलावे नाही. पण सहा महिने तुझे गेले. पुढे आषाढापासून पाऊस, गोवऱ्या ओल्या, आव्याला आग धरत नाही, असे चार महिने देवाचे गेले. राहिले वैशाख आणि ज्येष्ठ. म्हणजे लोकांना थंड पाणी प्यायची तहान चैत्रात लागणार आणि आम्ही माठ वैशाखात भाजायला घेणार! बारा महिन्यांतले दोन महिने काम करून कुंभारानं काय खायचं, माती? आणि हे लिहिणारा कोण, तर कुंभाराचा मुलगा. एखाद्या शेटाच्या मुलानं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला वाटत असेल की मडकी झाडाला लागतात.

आणि सूट कोणाकोणाला आहे, तेही वाचलं मी. शेटच्या कापसाच्या जिनाच्या धुराड्याला सूट, कारण तो विस्तव म्हणे घरात आहे, बाहेर नुसता धूर येतो. धुरासोबत काय येतं ते आमच्या वाड्यात येऊन बघ. उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांवर रोज काजळी पडते, आणि कधी कधी काजळी लाल, जळती असते. होळीला सूट, मग ती भर बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या मधोमध का पेटेना. लग्नातल्या शोभेच्या दारूला अर्ज केला की सूट. नाही कोणाला? रज्जाक रंगाऱ्याच्या कढईला नाही. अंगणात चूल मांडून पाणी तापवणाऱ्या बाळंतिणीला नाही. आमच्या आव्याला नाही. ज्याच्यापाशी भिंत आहे त्याचा विस्तव हा विस्तव नाही, असाच अर्थ झाला ना?

संक्रांतीचं तर बोलायलाच नको. पौषात आम्ही आवा पेटवला होता, सुगडांचा. तीनशे सुगडी. कायदा तेव्हाही होता. पण सफाई दरोगा रामराव त्या दिवशी आमच्या गल्लीकडे फिरकलासुद्धा नाही. काऊन? कारण त्याच्या बायकोला सुगडी पाहिजे होती. तुझ्या कमिटीतल्या एकूणएक घरची बाई येऊन सुगडी घेऊन गेली. वाणाला मातीचंच लागतं, पितळेचं चालत नाही. तुझ्या घरूनही माणूस आलं होतं. कोण ते पुढे सांगते. तर पौषातल्या आव्यानं कापूस पेटत नाही आणि माघातल्या आव्यानं पेटतो, हे ज्ञान तुम्हाला कोणत्या पुस्तकात मिळालं?

आता खरी गोष्ट लिहिते, जी तुलाही माहीत आहे आणि मलाही. हा कायदा ज्या आगीमुळे झाला ती आग. तीन वर्षांपूर्वी, माघातच, शेटच्या जिनातला कापसाचा ढीग जळला. कमिटीत ठराव आला तेव्हा शेटचा माणूस उभा राहून म्हणाला की ठिणगी कुंभारवाड्यातून उडाली. ते लिहून घेतलं गेलं आणि त्यावर सगळा इमला उभा राहिला. नारायण, तो दिवस कोणता होता? बाबांचा दहावा होता. तू मुंडण करून नदीवर बसला होतास. कावळा पिंडाला शिवेना म्हणून तू रडत होतास आणि म्हणत होतास, बाबा, अक्काला काही कमी पडू देणार नाही. तुझ्या भाऊजींनी मला सांगितलं ते. तेव्हा कावळा शिवला. आणि त्याच वेळी गावावर धूर दिसला. आपल्या घरात सुतक होतं. चाक उलटं घालून त्यावर घोंगडं टाकलं होतं. भाऊबंदांचं सगळ्यांचंच सुतक, म्हणून अख्ख्या वाड्यात दहा दिवस कोणी आव्याला काडी लावली नव्हती. आव्यात मांजरीनं पिल्लं घातली होती, इतका तो थंड होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. आणि संन्याशाचा मुलगा कमिटीत तिथेच खुर्चीवर बसला होता, एक शब्द बोलला नाही. तुला एवढंच म्हणायचं होतं की त्या दिवशी माझ्या बापाचा दहावा होता. म्हटलं असतंस तर सगळ्यांना आठवलं असतं की तू कोणाचा आहेस. त्याचीच तुला भीती वाटली का रे?

मी हे आजवर कोणाजवळ बोलले नाही. तुझ्या भाऊजींजवळही नाही. ते तर तुझ्याविरुद्ध एक अक्षर ऐकून घेत नाहीत. म्हणतात, "मोठा मानूस झाला तो, त्याले दहा जनाचं पाहा लागते." जानेफळहून बाबांनी त्यांना घरजावई करून आणलं ते का, ठाऊक आहे ना? तुला पुढे खामगावच्या हायस्कुलात धाडायचं होतं आणि चाकावर कोणीतरी बसायला हवं होतं. आपल्यात बाई चाकाला हात लावत नाही, नाहीतर मीच बसले असते. तुझ्या जागेवर ते बसले. लोक घरजावयाला काय काय बोलतात ते सगळं ऐकून घेतलं. तू नागपूरहून वकिलीची परीक्षा देऊन आलास तेव्हा हा माणूस मातीच्या हातांनी पेढे वाटत फिरला. आणि नोटिशीत तू त्यांना लिहितोस 'सदर इसम'.

जागा मोडा म्हणतोस, तर जाऊ कुठे? रामराव सांगून गेला की नाल्यापलीकडे, मसणाच्या अंगाला जागा देतील. जागेची भीती नाही रे, मसणातही आपलंच मडकं लागतं. पण कच्चं मडकं काय असतं ते तू विसरलास का? वाळलेलं पण न भाजलेलं. नुसतं बोट जोरात लागलं तरी तडा जातो. चाकापासून आव्यापर्यंत वीस पावलं, ती आम्ही श्वास धरून चालतो. तूच लहानपणी मोजायचास ती पावलं. आता पाऊण कोस गाडीत घालून, चाकोरीतून हिसके खात न्यायची? शंभरातली दहा पोचतील. आव्याची जागा मोडणं म्हणजे घर मोडणं आहे, हे कमिटीला कळणार नाही, एकवेळ मान्य. पण तुला कळत असून तू सही केलीस. सोमवारी तुम्ही काय ठरवाल त्यावर आमचं इथलं राहणं ठरणार आहे. वाड्यातली सात घरं त्याच आव्यावर आहेत. परवापासून एकाही घरचं चाक फिरलेलं नाही.

तुला तो आवा आठवतो का, माझ्या लग्नाचा? तू सहा वर्षांचा होतास. आई गेल्यापासून माझा पदर सोडत नव्हतास. आपल्यात नवरीच्या बोहल्याची मडकी आत्या रंगवते आणि त्यांचा आवा नवरीच्या हातानं पेटतो, ही आपल्या घरची रीत. मी पेटती चूड घेऊन निघाले तर तू हट्ट धरून बसलास, मीपण, मीपण. बाबांनी डोळे वटारले, पण आत्या म्हणाली, लावू दे, तिच्या पाठचा आहे. तू माझ्या हातावर हात ठेवलास. चूड उलटली आणि तुझा उजवा अंगठा भाजला. तू रडलास मात्र नाहीस, कारण तुला वाटलं रडलास तर मडकी फुटतील. कोरफड बांधून तुला मांडीवर घेऊन मी आव्याजवळ बसून राहिले. तो डाग अजून आहे, गेल्या दिवाळीला ओवाळताना पाहिला मी. त्याच अंगठ्याखाली टाक धरून सह्या करतोस.

बरं, आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. तुला रामरावानं सांगितलंच असेल, पण तो सांगणार दरोग्यासारखं. आवा लहानसा होता. रांजण नाही, माठ नाही, वीस-बावीस मडकी फक्त. तुझे भाऊजी आधी नाहीच म्हणत होते. "नारायनाचा कायदा हाय, आपुनच मोडला तर लोक काय म्हनतीन?" असं त्यांचं चाललं होतं. चार दिवस मी समजावत होते. शेवटी माझ्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या शब्दावर ते तयार झाले. सकाळची वेळ धरली, वारा पडलेला, गाड्या अजून यायच्या होत्या. भोवती चार घागरी पाणी भरून ठेवलं. कपाशीच्या पऱ्हाट्या घातल्या नाहीत, त्या भडकतात. नुसत्या गोवऱ्या, वर राखेचा जाड थर. असा आवा ठिणगी टाकत नाही, आतल्या आत जळतो. तू शंभरदा पाहिलायस. दोन तास उत्तम चाललं होतं. आणि मग तुझी पाण्याची गाडी आली.

ती गाडी आमच्या वाड्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. कचेरीच्या रस्त्यावर रोज पाणी शिंपडते म्हणे, साहेबांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. आमच्या गल्लीत उन्हाळाभर घोटभर पाण्यासाठी विहिरीवर भांडणं होतात, तेव्हा ती कधी आली नाही. आव्यावर ओतायला मात्र आली. मी रामरावाच्या पुढ्यात आडवी झाले. म्हटलं, दादा, तुले कराचा तो दंड कर, पण पानी टाकू नको, जळू दे, सांजेपर्यंत आपोआप विझते. तापल्या मडक्यावर पानी पडलं का एकही राहत नाही. तो म्हणाला, "बाई, मले काय हौस हाय? हुकूम हाय. विस्तव दिसला का विझवाचा." आणि शिपायांनी गाडीचं बूच काढलं. नारायण, आवाज ऐकायला तू हवा होतास. आधी मोठ्ठा फुसकारा, मग आतून एकेक मडकं फुटायला लागलं, लाह्या फुटाव्यात तसं. रस्त्यावरचे लोक बघायला जमले. कोणी हसलं नाही, एवढं मात्र सांगते. तुझे भाऊजी डोळे मिटून मोजत होते. अठरापर्यंत मोजलं आणि थांबले. मग रामरावानं वही काढून विचारलं, "आवा कोनं पेटवला?" आणि ते म्हणाले, "म्या."

इथे मी पहिल्यांदा हादरले. तीस वर्षं संसार केला मी या माणसाबरोबर, त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तडा गेलेलं मडकं गिऱ्हाईक घेत असेल तरी हातातून काढून घेणारा माणूस. त्यांनी आवा पेटवला नव्हता. मीही पेटवला नव्हता. सोमवारी तू खुर्चीवर बसून हाच प्रश्न विचारशील, आणि ते तुझ्या तोंडाकडे बघून पुन्हा म्हणतील, म्या. मग कमिटी लिहून घेईल, कुंभारानं गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीवर बापाचा आवा मोडला जाईल. खोट्या ठिणगीवर कायदा आणि खोट्या कबुलीवर निकाल. मला त्यांनी शपथ घातली आहे की तू बोलायचं नाहीस. मी सोमवारी बोलणार नाही. पण पत्र लिहायचं नाही अशी शपथ कोणी घातलेली नाही, आणि लिहायला तूच शिकवलंस.

तर ऐक, ज्यासाठी हे लिहायला बसले ते. संक्रांतीला तुझ्या घरून सुगडी न्यायला आलं होतं ते माणूस म्हणजे तुझी पुष्पा. चाकासमोर बसली आणि उठेचना. म्हणाली, आत्या, बाबांनी माझ्या बोहल्याला खामगावहून पितळी कलश मागवलेत, मेहकरच्या सासरच्या लोकांना मातीचं कमीपणाचं वाटेल म्हणून. मले तुझ्याच हातची मडकी पाहिजेत. तुमची बंगल्यातली पोरगी, पण बोलली अगदी आपल्यासारखी. मी कायदा सांगितला, तुझं नाव सांगितलं, तरी ऐकेना. मग तुझ्या भाऊजींच्या पायाशी जाऊन बसली आणि ते विरघळले. आठ दिवस मैत्रिणीकडे जाते सांगून इथे येत होती, माझ्याजवळ बसून चुन्यानं मोर काढायची. मोर कसले, कोंबड्याच होत्या, पण तिच्या होत्या. त्या दिवशी आव्याला चूड लावली ती तिनं. रीतच आहे. पाण्याची गाडी वळणावर दिसली तशी शेजारच्या रज्जाकची अमीना धावत आली, आपली ओढणी पोरीच्या डोक्यावर टाकून तिला घरात ओढून घेऊन गेली, म्हणून रामरावानं तिला ओळखलं नाही. आणि 'म्या' जे होतं ते याच्यासाठी होतं, तुझ्या पोरीचं नाव दरोग्याच्या वहीत लागू नये म्हणून. ते लोक गेल्यावर ती धावत बाहेर आली आणि कोणी धरायच्या आत वाफाळत्या आव्यात हात घातला. एकच मडकं धड निघालं. ते माझ्यापाशी आहे. बोहल्याला चार कोपरे लागतात हे मलाही कळतं, तरी ठेवलंय. काल अमीनाकडून तिचा निरोप आला की आतोबा माझ्यापायी खोटं बोलणार असतील तर सोमवारी मी स्वतः कमिटीपुढे येऊन सांगते, मग सोयरीक मोडली तरी मोडो. ती येईल, नारायण. ती बाबांची नात आहे, तुझ्यासारखी गप्प बसायची नाही. भरसभेत तुला हे कळू नये, आपल्या घरात कळावं, म्हणून अक्का लिहून राह्यली. राग माझा तुझ्यावर आहे, तो जाणार नाही, पण तुझी मान खाली गेलेली मला बघवणार नाही. तिनं तुला सांगितलं असेल की चहाचं आधण सांडून हात भाजला, आणि तू कामात होतास म्हणून तुला ते खरं वाटलं असेल. नोटिशीत विचारलंयस ना, आवा कोणी पेटवला? आत जा, तिच्याजवळ बस, पट्टी सोड आणि तिचा उजवा अंगठा बघ. मग स्वतःचा बघ. आणि मग सोमवारी तुला जे विचारायचं ते विचार.

तुझीच,
अक्का